बालविभागातले वानखेडेसाहेब

वानखेडेसाहेब पहिल्यांदा आमच्या वाचनालयात आले तेव्हा मी त्यांना परत पाठवणार होते, हे आधीच सांगून टाकते. नंतर दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

सदाशिव पेठेतल्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं वाचनालय आहे आणि तिथल्या बालविभागाच्या टेबलाशी मी एकवीस वर्षं बसते आहे. शनिवारची दुपार होती. पासष्टीचे एक गृहस्थ जिना चढून वर आले. पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल अशी दोन पेनं, काखेत रेक्झिनची बॅग. मला वाटलं, ऑडिटवाले आले.

"बालविभागात नाव नोंदवायचं आहे," ते म्हणाले.

"नातवाला घेऊन या. त्याची सही लागते."

"नातू नाही जी. मलाच वाचायचं आहे."

"मोठ्यांचा विभाग आत आहे. उजवीकडे वळा."

ते वळले नाहीत. भिंतीवरच्या नियमांच्या पाटीसमोर जाऊन उभे राहिले आणि अख्खी पाटी वाचली, अगदी 'पानांचे कोपरे दुमडू नयेत' इथपर्यंत. मग परत टेबलाशी आले. "मॅडम, बालवाचक म्हणजे कोण, हे पाटीवर कुठं लिहिलेलं नाही. वयाची अटही नाही. मग मला कोणत्या नियमाखाली नाही म्हणता?"

आवाज जराही चढलेला नव्हता. पुण्यात मला नियम दाखवणारी माणसं रोज भेटतात, पण नियम दाखवून स्वतःच ओशाळणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मी मुकाट्यानं अर्ज पुढे केला. वयाच्या रकान्यात त्यांनी 'सहासष्ट' लिहिलं आणि शाळेच्या रकान्यात 'निवृत्त, पाटबंधारे खाते'. तो अर्ज मी अजून जपून ठेवला आहे.

आता एक गोष्ट इथंच सांगते, म्हणजे पुढे कोडं राहणार नाही. साहेब एक पुस्तक शोधत होते. मुलगी सातवीत असताना त्यांनी स्वतः तिच्या हातातून काढून घेतलेलं पुस्तक. ते शोधून तिच्या हातात परत द्यायचं, एवढं एकच काम त्यांनी निवृत्तीनंतर हाती घेतलं होतं. पुस्तकाचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. हे सगळं मला कळायला दीड वर्ष लागलं, तुम्हाला एवढं थांबवत नाही.

त्यांना आठवत होतं ते फक्त मुखपृष्ठ: पिवळं, आणि त्यावर एक सायकल, जिच्यावर कोणीच बसलेलं नाही. आणि इथं आमच्या वाचनालयानं घोळ घातलेला. मुलं पुस्तकं कशी वापरतात ते तुम्हाला माहीत आहे. मुखपृष्ठ सहा महिन्यांत लोंबायला लागतं. मग दर मे महिन्यात मी पोतंभर पुस्तकं बाइंडरकडे पाठवते आणि तो फाटकी मुखपृष्ठं काढून टाकून सगळ्यांना एकजात तपकिरी पुठ्ठा घालून देतो. बालविभागाची जुनी कपाटं म्हणजे नुसती तपकिरी भिंत. त्यात पिवळं पुस्तक कुठून सापडणार? साहेबांनी एकच मार्ग काढला. पहिल्या कपाटाच्या वरच्या खणापासून प्रत्येक पुस्तक उघडायचं आणि गोष्टीत सायकल येते का ते बघत शेवटपर्यंत वाचायचं.

मूळ भंडाऱ्याकडचे. नोकरीचा बराच काळ खडकवासल्याच्या कालव्यावर गेला. पुण्यात चाळीस वर्षं काढूनही बोलण्यातलं 'जी' आणि 'काहून' गेलं नव्हतं, आणि ते घालवायची त्यांना गरजही वाटली नव्हती. सिंहगड रोडला दोन खोल्यांचा फ्लॅट, बायको वारलेली, मुलगी हिंजवडीत नोकरीला आणि राहायला वाकडला. शनिवारी दोनच्या बसनं यायचे आणि मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे छातीशी घेऊन बसायचे. मी मोठ्यांची खुर्ची देऊ केली तर म्हणाले, "नको जी, इथून खालचा खण दिसतो."

घरी ते मोठ्यानं वाचायचे. शेजारच्या बाईंनी एकदा त्यांना विचारलं, तुमच्याकडे पाहुण्यांची मुलं राहायला आलीत का. साहेब म्हणाले, नाही, मीच आहे. त्या बाईंनी म्हणे पंधरा दिवस त्यांच्याशी जरा जपूनच बोलणं ठेवलं.

पुस्तकं सुचवायला लागले ते अगदी योगायोगानं. आमचे एक जुने सभासद देवधर, वय अठ्ठ्याहत्तर, दर शनिवारी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी परत करून दुसरी तेवढीच जाड घेऊन जायचे. वाचत नव्हते, हे मला माहीत होतं. पान न उलगडलेलं पुस्तक हातात घेतलं की कळतं. पण मी कशाला बोलू? मला देवधरांच्या जिभेची चांगली ओळख आहे. साहेबांना नव्हती. त्यांनी सरळ विचारलं, "हे कितव्या पानावर सोडलं?"

देवधरांनी चष्म्यावरून पाहिलं. "आपली ओळख?"

"वानखेडे. बालविभाग. कितव्या पानावर सोडलं जी?"

का कोण जाणे, देवधरांनी उत्तर दिलं. "चाळीसेक. माणसं फार आहेत त्यात. कोण कोणाचा मेहुणा, लक्षात राहत नाही आता."

साहेब उठले आणि एक पातळसं तपकिरी पुस्तक घेऊन आले. त्यात एक आजी, एक शेळी आणि एक पोस्टमन होता, बस. "तीनच जण आहेत. मेहुणा एकही नाही."

"मला काय बाळबोध समजता काय?" देवधर म्हणाले, आणि पुस्तक टेबलावर आपटून निघून गेले. मंगळवारी मात्र परत आले, साहेब नसताना. आवाज खाली आणून मला विचारलं, "ते शेळीचं आहे का जागेवर?" पुढच्या शनिवारी त्यांनी साहेबांना काही सांगितलं नाही. पुस्तक ठेवलं आणि म्हणाले, "शेळीचं पुढे काय होतं ते लेखकानं लिहायला हवं होतं." देवधरांच्या तोंडून याला कौतुक म्हणतात. घरी बायकोला रोज दोन पानं वाचून दाखवली होती, हे त्यांच्या सुनेकडून कळलं. पंचवीस वर्षांत त्या दोघांनी एकत्र केलेलं हे पहिलं काम असावं.

मग हे सुरूच झालं. साहेबांचा प्रश्न ठरलेला. वय विचारायचे नाहीत, आवड तर मुळीच नाही. "आवडलेलं पुस्तक विचारलं की लोक खोटं सांगतात जी. मोठी मोठी नावं घेतात. सोडलेलं विचारलं की खरं सांगतात." सोडलेलं पुस्तक कळलं आणि पान कळलं की डोळे मिटून थोडा वेळ बसायचे, मग नेमक्या खणाशी जायचे. पुस्तकावर 'वयोगट ८ ते १०' असं छापलेलं असलं की त्यांना राग यायचा. "आठ बरोबर आहे. दहा कोणी टाकला?"

मोठ्यांना मुलांची पुस्तकं का, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "मोठ्यांच्या पुस्तकात लेखक चाळीस पानं नुसता घसा साफ करतो. पोरं तेवढी थांबत नाहीत, म्हणून त्यांच्या पुस्तकाला पहिल्या ओळीपासून चालावं लागतं." आणि किशोरवयीन मुलांच्या कादंबऱ्या ते मुद्दाम आईबापांना द्यायचे. "चौदा वर्षांचं माणूस सगळ्यांवर रागावलेलं असतं, आणि बरेचदा त्याचंच बरोबर असतं. हे बापानं कुठं तरी वाचलेलं बरं." हे म्हणताना माझ्याकडे बघायचे नाहीत, खिडकीकडे बघायचे.

एका सोसायटीच्या अध्यक्षांना त्यांनी मैदानासाठी भांडणाऱ्या पाच मुलींची गोष्ट दिली. दातांच्या डॉक्टरीणबाईंना भुताची. त्यांचा अंदाज नेहमी बरोबरच यायचा असं नाही हां. अकरा वर्षांच्या एका मुलीला त्यांनी आपल्या अत्यंत लाडक्या पुस्तकांपैकी एक दिलं. तिनं आठवड्यानं परत आणून ठेवलं. "बोअर आहे, आजोबा."

"कितव्या पानावर कळलं?"

"नऊ."

साहेबांनी वही काढली आणि लाल पेननं लिहून घेतलं: बोअर, पान नऊ. मुलगी गेल्यावर म्हणाले, "मला चौदाव्यावर शंका आली होती जी, तेव्हाच कळायला पाहिजे होतं. मी उगाच धरून ठेवलं."

रूपालीचं सांगायला हवं, कारण तिच्यामुळेच साहेब माझ्याशी मनातलं बोलले. वाशीमची मुलगी, आमच्या गल्लीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करायची. पेठेत अशा मुली शेकड्यानं आहेत, पाठीवर सॅक, डोळ्यांखाली काळं. पूर्वपरीक्षा तिसऱ्यांदा हुकली होती. आमच्याकडे वर्तमानपत्रं वाचायला यायची आणि एकच पान समोर धरून तासभर बसायची. साहेबांनी तिला विचारलं, तर म्हणाली, "काका, आता कुठलंच पुस्तक पहिल्या पानाच्या पुढं जात नाही. अक्षरं दिसतात, पण आत काही जात नाही."

साहेबांनी तिला चित्रांचं पुस्तक दिलं. एक म्हैस तळ्यातून बाहेर यायलाच तयार नसते, सगळं गाव काठावर जमतं, अशी गोष्ट. एका पानावर एकच ओळ. "याला दहा मिनिटं लागतात. अभ्यासाच्या वेळात धरू नका."

तिनं उभ्या उभ्या वाचलं. मध्येच हसली. मग खिडकीशी जाऊन रडली, चांगली पाच मिनिटं, आणि मीही हातातलं काम सोडून बसले. डोळे पुसत म्हणाली, "आमच्या बाबांना कळलं ना, मी पुण्यात येऊन हे वाचते, तर..."

"तर माझं नाव सांगा," साहेब म्हणाले. "म्हणा, वानखेडे म्हणून एक बाप आहे, त्यानं वाचायला लावलं."

रूपाली पुढे पास झाली का, मला माहीत नाही. वर्षभरानं खोली सोडून गेली आणि म्हशीचं पुस्तक परत करायचं राहिलं. मी स्मरणपत्र पाठवलं नाही. मला ओळखणाऱ्यांना विचारा, ही केवढी बातमी आहे.

त्या दिवशी ती गेल्यावर मी चहा मागवला आणि विचारलं, "तिला 'एक बाप आहे' असं का सांगायला सांगितलंत?" तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

त्यांच्या वडिलांनी विडीच्या कारखान्यात काम करून त्यांना शिकवलं होतं. घरात जेवायचं ताट एकवेळ जमिनीवर असायचं, पुस्तक नाही. पुस्तक फळीवर. "वडील म्हणायचे, पुस्तक म्हणजे आपली शिडी. शिडीवर बसून कोणी खेळतं का?" त्यामुळे गोष्टीचं पुस्तक हातात घेणं म्हणजे पुस्तकाचा अपमान, असं साहेबांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. विशाखा, त्यांची मुलगी, सातवीत. स्कॉलरशिपची परीक्षा महिन्यावर आलेली. ऑफिसातून घरी आले तर ती खिडकीखाली पालथी पडून गोष्टीचं पुस्तक वाचत होती आणि हसत होती.

"मी काही बोललो नाही जी. मारलं नाही, ओरडलो नाही. हातातून पुस्तक घेतलं, बॅगेत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी शिपायाबरोबर तिच्या शाळेत परत पाठवून दिलं. नाव वाचायची तसदीसुद्धा घेतली नाही."

"मग स्कॉलरशिप मिळाली का?"

"मिळाली ना जी. तेच तर झालं. मिळाली, म्हणून इतकी वर्षं मला वाटत राहिलं की मी बरोबर होतो."

त्यानंतर विशाखानं बापासमोर गोष्टीचं पुस्तक कधी उघडलं नाही. दर रविवारी फोन करायची. बीपीची गोळी घेतली का, लाइट बिल भरलं का, झालं. बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी उरलं नाही, तेव्हा साहेबांना ते हसणं आठवायला लागलं. एकदा त्यांनी हिय्या करून फोनवर पुस्तकाचं नाव विचारलं. ती म्हणाली, "आठवत नाही बाबा. सोडा ना आता." म्हणून ते आमचा जिना चढले होते.

मला स्वतःचा भयंकर राग आला. ती मुखपृष्ठं बाइंडरकडे जाऊ देणारी मीच ना.

गेल्या हिवाळ्यात साहेब दोन शनिवार आले नाहीत. तिसऱ्या शनिवारी विशाखा आली, त्यांची पुस्तकं परत करायला. बाबांना डेंग्यू झालाय, आता बरे आहेत, म्हणाली. नेमकं बोलणारी बाई. मला अशी माणसं आवडतात, म्हणून मीही नेमकंच विचारलं, "ते सायकलचं पुस्तक कोणतं हो?"

तिनं हातातली पुस्तकं टेबलावर ठेवली. मग म्हणाली, "बाबा त्यासाठी इथं येतात?"

मी तपकिरी कपाटं दाखवली. पहिली चार वाचून झाली आहेत, म्हटलं, पाचवं चालू आहे. विशाखा बुटक्या बाकावर बसली.

"ते पुस्तक मी दुसऱ्याच आठवड्यात संपवलं होतं," ती म्हणाली. "शाळेत, मधल्या सुट्टीत. ग्रंथालयाच्या बाईंनी गुपचूप परत दिलं मला."

"मग सांगितलं नाहीत कधी?"

"आधी घाबरून नाही सांगितलं. नंतर राग होता, म्हणून नाही. बरं वाटायचं मला, त्यांना वाटू दे की माझं पुस्तक राहूनच गेलं. आणि आता..." तिनं कपाटांकडे पाहिलं. "आता सांगितलं आणि ते यायचेच थांबले तर? आई गेल्यावर ते नुसते बंद टीव्हीसमोर बसायचे हो."

मी म्हटलं, "हे बघा, माझ्या पोटात काही राहत नाही. तुम्ही सांगा, नाहीतर शनिवारी मी सांगणार."

तिनं सांगितलं. कसं सांगितलं, दोघं काय बोलले, मला माहीत नाही, आणि मी विचारलंही नाही. पुढच्या शनिवारी साहेब आले, अशक्त दिसत होते, जिन्यात दोनदा थांबले. टेबलावर चिठ्ठी ठेवली. तिच्यावर पुस्तकाचं नाव होतं. ते वाचून मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ते पुस्तक आमच्याकडे होतं, दुसऱ्या कपाटात. आणि साहेबांनी ते कधीच वाचून काढलेलं होतं. गोष्टीत सायकल नाहीच मुळी. एका मामाची आणि त्याच्या बंद पडलेल्या घड्याळांची गोष्ट आहे ती. चित्रकाराच्या मनात आलं असेल, काढली त्यानं सायकल.

"मी हे आठ-नऊ जणांना दिलं जी," साहेब म्हणाले. "देवधरांना दिलं. डॉक्टरीणबाईंना दिलं. सगळ्यांना म्हटलं, हे वाचाच. फक्त तिला द्यायचं राहिलं."

मी दोन चहा मागवले.

विशाखाची भीती खरी ठरली नाही. साहेब येत राहिले. उलट आता सायकल शोधायची नव्हती, तर सावकाश वाचायला लागले. पण उन्हाळ्यात तिची बंगळुरूला बदली झाली आणि तिनं त्यांना बरोबर न्यायचं ठरवलं. साहेबांनी आढेवेढे घेतले नाहीत. "तिनं विचारलं जी. 'येता का' असं विचारलं," एवढंच मला दोनदा सांगितलं.

शेवटच्या शनिवारी मी ते मामाचं पुस्तक त्यांना कायमचं देऊ केलं. नोंद काय करायची ते माझं मी बघितलं असतं. ते नाही म्हणाले. "वाचनालयाचं आहे, इथं राहू द्या. आता बसून वाचतो. मागं वाचलं तेव्हा लोकांसाठी वाचलं. आज विशूचं म्हणून वाचतो." रेक्झिनची बॅग मांडीवर, बॅगेवर पुस्तक, असे बाकावर बसले. देवधर निरोप द्यायला आले होते, त्यांनीसुद्धा हाक मारली नाही. कपाटाआड दहा मिनिटं घुटमळले आणि परत गेले.

चारच्या सुमाराला विशाखा त्यांना न्यायला आली. दारातच थांबली. साहेबांना कळलंही नाही. ओठ हलत होते, आणि मध्येच ते हसले, स्वतःशीच, आवाज न करता.

तिचा फोन वाजला. ती झटकन जिन्याकडे सरकली, पण पलीकडचा माणूस एवढ्या मोठ्यानं बोलत होता की मलाही ऐकू येत होतं. सामान हलवणारे लोक टेम्पो घेऊन सिंहगड रोडला दारात उभे होते. घराला कुलूप होतं आणि किल्ली साहेबांच्या बॅगेत. मी खुणेनंच विचारलं, उठवू का? तिनं मानेनंच नको म्हटलं.

"थांबावं लागेल तुम्हाला," ती फोनवर म्हणाली. "वडील वाचतायत."

"वाचतायत?" पलीकडून आवाज आला. "परीक्षा आहे का काय त्यांची?"

"परीक्षा नाही हो," विशाखा म्हणाली. "गोष्टीचं पुस्तक आहे. त्यांचं वाचून झालं की येतो."